ट्यूनरला एकच तार विचारा

आमच्या घरात व्हायोलिनं दोन आहेत आणि ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र, एक. पहिलं व्हायोलिन माझं. मी गिरगावात मांडी घालून हिंदुस्थानी पद्धतीनं शिकते. दुसरं भाचीचं. ती वांद्र्याला उभ्यानं, समोर नोटेशन ठेवून, पाश्चात्त्य पद्धतीनं शिकते आणि ग्रेडच्या परीक्षा देते. ट्यूनर तिच्या वाढदिवसाला आणला होता, पण सापडतो नेहमी मावशीच्या केसमध्ये, अशी तिची तक्रार आहे. त्या एवढ्याशा यंत्रावरून आमच्यात जे वाद झाले, त्यांतून मला ते जेवढं कळलं तेवढं त्याच्यासोबत आलेल्या घडीच्या कागदातून कळलं नाही.

आधी एक घोटाळा मिटवते. दुकानात नुसतं ‘व्हायोलिनचा ट्यूनर द्या’ म्हटलंत, तर दोन वेगळ्या वस्तूंपैकी कुठलीही हातात येऊ शकते. तारा खाली ज्या काळ्या पट्टीत अडकवतात तिच्यावर बारके स्क्रू बसवलेले असतात. त्यांनाही फाइन ट्यूनर म्हणतात. तंबोऱ्याला जे काम मणी करतात तेच हे करतात. खुंटीनं तार जवळपास आणायची आणि उरलेला केसभर फरक मण्यानं काढायचा. ते तुमच्या व्हायोलिनला चारही तारांवर नसतील तर बसवून घ्या, ट्यूनरच्याही आधी. कारण नुसत्या खुंटीनं सूर अचूक लावणं शिकाऊ माणसाला फार जड जातं. हा लेख दुसऱ्या वस्तूबद्दल आहे, सेलवर चालणाऱ्या आणि वाद्याला चिमट्यानं अडकवायच्या. धोबी तलावच्या दुकानांत ‘क्लिपवाला ट्यूनर’ म्हटलं की नेमका तोच समोर येतो.

हे यंत्र करतं काय? व्हायोलिनच्या चार तारांना पाश्चात्त्य सुरांची नावं आहेत, जाडीपासून बारकीपर्यंत जी, डी, ए, ई. ए तार सुरात असते तेव्हा सेकंदाला ४४० वेळा कंप पावते. डी तार २९३.६६ वेळा, जी १९६ वेळा आणि सर्वांत बारीक ई तार ६५९.२६ वेळा. ट्यूनर कंपनं मोजतो, बारा सुरांपैकी सगळ्यांत जवळचा कोणता ते ठरवतो, त्याचं अक्षर पडद्यावर दाखवतो आणि आपण त्याच्या किती वर किंवा खाली आहोत ते सुईनं सांगतो. फरक जवळजवळ मिटला की हिरवा दिवा. बस, एवढंच. आपण कुठली तार छेडतोय हे त्याला ठाऊक नसतं. कुठला राग वाजवतोय, हे तर नाहीच नाही.

हे ‘ठाऊक नसतं’ प्रकरण आम्हाला चांगलंच भोवलं. डिसेंबरात एकदा भाचीच्या व्हायोलिनची खुंटी घसरली आणि ए तार उतरत उतरत जीवर जाऊन बसली. तिनं क्लिप लावली, तार वाजवली, हिरवा दिवा लागला, ती समाधानी. मी स्वयंपाकघरातून ऐकतेय की पोरगी वाजवतेय काय आणि निघतंय काय! ट्यूनर मात्र खोटं बोलत नव्हता. तार जीच्या सुरात अगदी चोख होती. फक्त तिथे ए हवा होता. तेव्हा आधी अक्षर वाचायचं, मग रंग बघायचा. आणि बऱ्याच स्वस्त ट्यूनरांवर अक्षर दिसतं पण सप्तक दिसत नाही. नवी तार बसवताना खालच्या सप्तकातला ई आणि हवा असलेला ई दोन्हींना तोच हिरवा दिवा लागतो. उलट अंदाज चुकला आणि माणूस पुढच्या सप्तकाच्या शोधात खुंटी पिळत राहिला, तर तार तुटून गालावर बसते. म्हणून नवी तार लावताना तोच सूर फोनवर किंवा पेटीवर आधी ऐकून घ्यावा.

आता जी तारेचं एक दुखणं. जाड तार वाजवली की पडद्यावर मधेच डी चमकून जातो आणि माणूस गोंधळतो. यात ट्यूनर बिघडलेला नसतो. कुठलीही तार एकच सूर देत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही तिच्यातून निघत असतात. व्हायोलिनचं खोकं लहान. त्याच्या पोटातली हवा साधारण २७० ते २८० कंपनांच्या आसपास जोरात घुमते. त्याच्या बऱ्याच खालच्या १९६ला ते खोकं फारशी साथ देत नाही. त्यामुळे जी तारेचा मूळ सूर क्षीण राहतो आणि तिप्पट कंपनांचा, म्हणजे ५८८चा, सूर दणक्यात येतो. ५८८ म्हणजे डी. आपला कान या सगळ्या सुरांची मोट बांधून बरोबर जीच ऐकतो. साधा ट्यूनर तेवढा हुशार नसतो. उपाय सोपा आहे. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि गज हलका फिरवायचा. वरच्या सप्तकातला बासरीसारखा स्वच्छ जी निघतो आणि सुई शहाण्यासारखी स्थिर राहते.

गजावरून आठवलं. तार बोटानं छेडून ट्यूनर बघू नये. छेडल्याक्षणी तार ताणली जाते, सूर किंचित चढा लागतो आणि मग खाली स्थिरावतो. सुईही तशीच वर जाऊन उतरते आणि आपण त्या धावत्या सुईच्या मागे खुंटी पिळत बसतो. गज फार दाबला तरी घोळ, तेव्हा सूर उतरतो. गजाच्या मधल्या भागानं, लांब, बेताच्या दाबानं वाजवायचं आणि सुई थांबली की वाचायचं. सुई हलत असताना खुंटीला हात लावायचा नाही.

सुई जो फरक दाखवते तो सेंटमध्ये. अलेक्झांडर एलिस नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १८८५ साली वेगवेगळ्या देशांच्या संगीतातले सूर मोजताना हे माप वापरलं. एका सप्तकाचे १२०० सेंट, म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १००. साधा क्लिप ट्यूनर एका सेंटच्या आसपास अचूक असतो, आणि शिकणाऱ्याला तेवढं भरपूर आहे. स्ट्रोब जातीचे ट्यूनर सेंटच्या दहाव्या भागापर्यंत जातात. ते कित्येक पट महाग असतात आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या कामाचे असतात. आपला गजच एका फेरीत सूर त्याहून जास्त हलवतो.

आता मुख्य भांडण. ट्यूनरनं चारही तारा हिरव्या केल्या, तरी व्हायोलिन सुरात लागलेलं असतंच असं नाही.

आपल्याकडे सा आणि प यांचं नातं कुणाला शिकवावं लागत नाही. तंबोऱ्यात ते रोज ऐकू येतं. सा दोन वेळा कंप पावतो तेवढ्यात प तीन वेळा. हा शुद्ध पंचम सेंटमध्ये मोजला तर ७०२ भरतो. आता एका सुरापासून असे बारा पंचम चढत जा. बाराव्या उडीला आपण पुन्हा त्याच नावाच्या सुरावर, सात सप्तकं वर, यायला हवं. पण हिशेब जुळत नाही. बारा पंचमांचे ८४२४ सेंट, सात सप्तकांचे ८४००. जवळजवळ पाव पट्टी जास्त! आता पियानोला आणि पेटीला पट्ट्या ठरलेल्या, त्या जागच्या हलणार कशा? म्हणून त्यांनी हा फरक चाळीतल्या बारा बिऱ्हाडांनी वर्गणी वाटून घ्यावी तसा वाटून टाकला. प्रत्येक पंचम दोन सेंटांनी आखूड केला, ७०२चा ७००. दुकानात मिळणारा साधा ट्यूनर या वाटून घेतलेल्या सुरांनाच बरोबर म्हणतो.

दोन सेंट म्हणजे काय मोठंसं, असं भाचीही म्हणाली. मग तिला ट्यूनरवरच डी आणि ए चोख हिरव्या करायला लावल्या आणि दोन्ही तारा एकत्र वाजवायला सांगितलं. आवाज डोलत होता, सेकंदाला साधारण एकदा, झोपाळ्यासारखा. डीचा तिप्पट सूर ८८१च्या जवळ पडतो आणि एचा दुप्पट ८८०वर. दोन सूर एका कंपनानं चुकले की सेकंदाला एक लाट ऐकू येते. ए आणि ई एकत्र वाजवल्या तर लाटा आणखी घाईच्या, दोन सेकंदांत तीन. मग मी तिच्या डी तारेचा फाइन ट्यूनर अगदी नखाएवढा ढिला केला. लाट लांबली, आणखी लांबली आणि शेवटी नाहीशी झाली. दोन तारांतून एकच भरीव आवाज यायला लागला. तिनं लगेच क्लिपकडे पाहिलं. सुई मध्याच्या डावीकडे दोन सेंट. ‘मावशी, हे तर चुकीचं दाखवतंय!’ मी म्हटलं, तू काय ऐकतेयस ते सांग.

म्हणून आमच्या घरात आता ठरलंय, ट्यूनरला एकच तार विचारायची. भाची ए विचारते, बाकीच्या तीन तारा जोडीजोडीनं वाजवून, लाटा घालवून, कानानं लावते. तशा लावल्या की ट्यूनरच्या हिशेबानं जीची तार चार सेंट उतरलेली निघते आणि ईची दोन सेंट चढी. त्या तशाच ठेवायच्या. एक अपवाद आहे. पियानोच्या साथीनं वाजवायचं असेल तर जीची तार पियानोशी ताडून पाहावी, कारण पियानो काही आपल्यासाठी सूर बदलणार नाही.

हे काही आमच्या घरचं खूळ नाही. एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमाला कधी जाल तर वेळेआधी जाऊन बसा. हा वाद्यवृंद तिथेच २००६ साली उभा राहिला. कार्यक्रम सुरू होण्याआधी ओबो नावाचं सुषिर वाद्य एकच लांब ए धरतं. ओबोवाले तो सूर देण्याआधी बहुधा ट्यूनरवर ताडून घेतात. त्या एका सुरावर बाकी सगळे आपापली ए लावतात आणि पुढच्या तारा कानानं. मंचभर व्हायोलिनं, पण यंत्राला विचारलेला सूर एक.

माझं व्हायोलिन निराळं लागतं. हिंदुस्थानी पद्धतीत बरेच जण खालून वर प सा प सां असं लावतात. माझा सा पांढरी दोन, म्हणजे डी. त्यामुळे मधल्या दोन तारा भाचीच्या आणि माझ्या एकाच नावाच्या, डी आणि ए. जीची जाड तार मी एक सूर चढवून मंद्र पंचमाच्या एवर आणते आणि ई उतरवून तार षड्जाच्या डीवर. इथे दुकानदाराची एक सूचना हमखास चुकते. ‘खास व्हायोलिनसाठी’ म्हणून जो ट्यूनर देतात किंवा ज्यात व्हायोलिनचं वेगळं बटण असतं, तो बऱ्याचदा फक्त जी, डी, ए, ई हे चारच सूर ओळखतो. जीची माझी चढवलेली तार त्याला चूक वाटते आणि तो ती उतरवायला सांगत राहतो. आपल्याला हवा तो क्रोमॅटिक, बाराही सूर दाखवणारा. ज्यांचा सा काळी एक आहे त्यांना सी शार्प दिसायला हवा, काळी दोनवाल्यांना डी शार्प. काही ट्यूनर त्यालाच ई फ्लॅट म्हणतात, घाबरू नये. पट्टी उंच असेल तर जाड तारेला फार ताणू नका. एक सूर चढवणं ठीक. त्याच्या वर जायचं तर गुरूंना विचारून तारांचा संच बदलावा.

मीही ट्यूनरला एकच तार विचारते, मधला सा. मग फोनवर तंबोरा लावते आणि बाकीच्या तारा त्यात मिसळते. पंचम मिळाला की क्लिपवर ए दोन सेंट चढा दिसतो. दिसू दे.

आणि वाजवताना तर मी क्लिप काढूनच ठेवते. हिरवा दिवा बघत सरगम घोटणं हा आपल्या संगीतात सरळ अपाय आहे. तंबोऱ्यात मिसळणारा शुद्ध गंधार सापासून ३८६ सेंटांवर असतो. ट्यूनरचा हिरवा गंधार ४००वर. चौदा सेंट म्हणजे कणसूरच. शुद्ध धैवत ८८४ला मिळतो, ट्यूनर ९०० म्हणतो. कोमल गंधार उलट बाजूला, ३१६ विरुद्ध ३००. शिवाय रागागणिक सुराची जागा सरकते ती वेगळीच. पेटीबद्दलचं जुनं भांडण यापेक्षा फार वेगळं नव्हतं. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती १९७१पर्यंत टिकली, त्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं, निघत नाही या आक्षेपाइतकाच या ठरीव पट्ट्यांचाही आक्षेप होता. मला पेटी आवडते, पण व्हायोलिनला पट्ट्या नाहीत, हेच तर त्याचं भाग्य. गजाननबुवा जोशी किंवा डी. के. दातार या व्हायोलिनवादकांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना सूर जिथे जाऊन बसतो, तिथे क्लिप लावली तर तिच्यावर बऱ्याचदा लाल दिवाच दिसेल.

दुसरा घोळ ४४०चा. हा आकडा निसर्गाचा नव्हे, माणसांनी ठरवलेला. फ्रान्सनं १८५९ साली ए ४३५ ठरवला होता. ४४०वर एकमत झालं १९३९च्या लंडनच्या बैठकीत आणि आंतरराष्ट्रीय मानक म्हणून त्यावर शिक्का बसला १९५५ साली. आजही सगळे वाद्यवृंद तो पाळतात असं नाही, ४४२ वगैरे चालतं. म्हणूनच ट्यूनरवर हा आकडा बदलायचं बटण असतं आणि ते केसमध्ये आपोआप दाबलं जातं. भाची एकदा क्लासला गेली आणि सगळ्या मुलांत तिचंच व्हायोलिन बेसूर. ट्यूनर चारी तारांना हिरवा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ४३६ लिहिलेलं होतं. एका कंपनाचा फरक म्हणजे साधारण चार सेंट. म्हणजे पोरगी सोळा सेंट उतरलेली. तेव्हापासून ती आधी कोपरा बघते.

पण हेच बटण माझ्या फार उपयोगी पडतं. जुन्या पेट्या ४४०ला लागलेल्या असतातच असं नाही. पेटीवर पांढरी दोन धरायची आणि ट्यूनर काय म्हणतो ते पाहायचं. समजा, त्यानं डी अधिक वीस सेंट दाखवलं. चार सेंटांना एक कंपन या हिशेबानं पाच कंपनं, म्हणजे बटण ४४५वर न्यायचं. आता तोच ट्यूनर त्या पेटीच्या सुरात बोलतो. गाण्याच्या साथीला बसायचं असेल तर हे दोन मिनिटांत होतं. घरी जाताना ४४०वर परत आणायला विसरायचं नाही, नाहीतर भाचीची परीक्षा आणि मावशीची बोलणी.

विकत कोणता घ्यावा? फोनमधलं ॲप फुकट आहे, बंद खोलीत चांगलं चालतं, आणि त्याच फोनवर ए किंवा तंबोरा ऐकता येतो. माझ्या मते तोच त्याचा खरा उपयोग. पण ॲप हवेतून ऐकतं. आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, पंखा, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आणि भाद्रपदात दहा दिवस ढोलताशे. त्यात फोन बावचळतो. क्लिपवाला ट्यूनर लाकडाला चिकटून असतो. त्याच्या चिमट्यात कंपनाचं विजेत रूपांतर करणारी चकती असते, आणि बाहेर कितीही गोंगाट असो, तो आपल्याच वाद्याचं ऐकतो. दहा मुलं एकाच वेळी व्हायोलिनं लावत असलेल्या क्लासमध्ये दुसरं काही चालतच नाही. साधा बरा क्लिप ट्यूनर चारपाचशे रुपयांपासून मिळतो. त्याच्यात बाराही सूर, ४४०चा आकडा बदलायची सोय आणि अंधारात दिसणारा पडदा एवढं असलं की पुरे. लय धरून देणारा मेट्रोनोम, रंगीबेरंगी दिवे वगैरेंसाठी जास्त पैसे देऊ नका.

क्लिप कुठे लावायची, यातही दोन घराणी आहेत. उभ्यानं वाजवणारे ती वर खुंट्यांच्या डब्याला लावतात आणि पडदा समोर दिसतो. आम्ही मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवतो. तिथे क्लिप असली की ती पायाला टोचते किंवा निखळून सतरंजीवर पडते. आमच्यासाठी व्हायोलिनच्या कमरेला, गोलाई आत वळते तिथे, कडेला पकडणारे चपटे छोटे ट्यूनर बरे. घोडीवर, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यावर, मात्र कुठलीच क्लिप लावू नये. घोडीवर वजन पडलं की आवाज दबतो. मुद्दाम आवाज दाबायला जी वस्तू लावतात ती तिथेच लावतात. आणि केस बंद करताना क्लिप काढून कप्प्यात टाका, चिमट्याच्या रबराचा वॉर्निशवर डाग राहू शकतो. बहुतेकांत सीआर २०३२ हा चपटा सेल लागतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. पडदा फिका पडायला लागला की लगेच बदला.

ट्यूनर सूर दाखवेल, तो टिकवणं खुंटीच्या हाती. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत लाकूड फुगतं आणि खुंट्या अशा अडकतात की फिरवायला दोन्ही हात लागतात. तेव्हा जोर लावायचा नाही. नाहीतर खुंटी झटक्यात सुटते, तार दोन सूर वर उडी मारते आणि बारीक असेल तर जाते. डिसेंबरात किंवा एसीच्या खोलीत उलटं, खुंटी सैल होऊन घसरते. फिरवताना ती किंचित आत दाबत फिरवायची आणि सूर नेहमी खालून वर आणायचा. वर गेलात तर थोडं जास्त उतरवून पुन्हा चढायचं. खुंटीची पेस्ट दुकानात मिळते, वर्षाला चिमूटभर पुरते. नवी तार असेल तर पहिले काही दिवस ती दर पंधरा मिनिटांनी उतरणारच. त्या दिवसांत ट्यूनर केसमध्ये न ठेवता हाताशी ठेवा. आमच्याकडे तो सध्या फ्रीजवर असतो.